न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर भाड्याच्या गाडीने बारा दिवस : प्रवासी पाच, चालक एकच, मार्गदर्शन हवे आहे

सप्रेम नमस्कार.

येत्या नोव्हेंबरच्या अखेरीस आम्ही पाच जण न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर बारा दिवसांसाठी जात आहोत : सासूबाई आणि सासरे (दोघेही सत्तरी ओलांडलेले), माझे पती, सहा वर्षांचा मुलगा आणि मी. गाडी भाड्याने घेऊन आपल्या सोयीने फिरायचे हे नक्की झाले आहे. मात्र पाच जणांत गाडी चालवणारी मी एकटीच असल्यामुळे माझे सगळे प्रश्न शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबतात. डोंगराळ, वळणावळणाच्या आणि पूर्ण अनोळखी रस्त्यांवर, सोबत वयस्क माणसे आणि लहान मूल असताना, एका चालकाने दिवसाला किती अंतर धरावे? नकाशावर दिसणाऱ्या तासांवरून मी आराखडा केला आहे. पण त्या तासांवर माझा भरवसा नाही.

भरवसा नसण्याला कारण आहे. चार वर्षांपूर्वी टास्मानियात आम्ही अशीच गाडी घेतली होती. रात्रभराचा विमानप्रवास करून सकाळी लॉन्सेस्टनला उतरलो आणि तासाभरात मी क्रेडल माउंटनच्या दिशेने गाडी काढली. अंतर दीडशे किलोमीटरांच्या आसपास, रस्ता चांगला, ऊन स्वच्छ. बऱ्याच वेळाने डाव्या चाकांखाली खडी वाजली, तेव्हा मला कळले की माझे डोळे मिटले होते. पुढे काहीही झाले नाही. मागे झोपलेल्या मुलाला जागही आली नाही. पण तो खडीचा आवाज माझ्या मनातून अजून गेलेला नाही. तेव्हापासून मी चालकाला किती झेपेल ते आधी ठरवते आणि त्यात काय पाहून होईल ते मागाहून बघते.

सध्याचा आराखडा असा आहे. क्राइस्टचर्चला एक रात्र, टेकापो सरोवराजवळ दोन रात्री (त्यातला एक दिवस आओराकी माउंट कुकसाठी), क्वीन्सटाउनला दोन, ‘ते आनाऊ’ या गावी दोन, वानाकाला एक, पश्चिम किनाऱ्यावर हिमनदीजवळच्या फ्रान्झ जोसेफ गावी दोन आणि शेवटी आर्थर्स पासमार्गे परत क्राइस्टचर्चला एक. टेकापोला जाणारा पहिला टप्पा सव्वादोनशे किलोमीटरांचा असून बराचसा सपाट कँटरबरीच्या मैदानातून जातो. टेकापोहून लिंडिस पासवरून क्वीन्सटाउन अडीचशे किलोमीटर आहे आणि तेथून ते आनाऊ सुमारे एकशे सत्तर. या तीन टप्प्यांची मला काळजी वाटत नाही. त्या दिवसांत संध्याकाळी उशिरापर्यंत, जवळजवळ नऊ वाजेपर्यंत उजेड असतो, त्यामुळे अंधारात गाडी चालवण्याची वेळ येऊ नये. ते आनाऊहून वानाकाला जाताना क्राउन रेंजचा जवळचा रस्ता मी सोडून दिला आहे. तो १,०७६ मीटर उंचीवर चढतो आणि त्याची तीव्र वळणे सासूबाईंना सोसणार नाहीत. म्हणून थोडे अंतर वाढले तरी क्रॉमवेलकडून जाणार आहे.

खरी शंका वानाका ते फ्रान्झ जोसेफ या टप्प्याबद्दल आहे. अंतर सुमारे दोनशे पंच्याऐंशी किलोमीटर आणि नकाशानुसार वेळ चार तास. हास्ट पास हा दक्षिण आल्प्स ओलांडणाऱ्या तीन मोटार-घाटांपैकी सर्वांत कमी उंचीचा आहे, हे मला ठाऊक आहे. त्यामुळे चढापेक्षा या रस्त्याची लांबी, एकाकीपण आणि पाऊस यांची मला जास्त धास्ती वाटते. वाटेत मोबाइलला बराच काळ संपर्क मिळत नाही, पेट्रोलची ठिकाणे मोजकी आहेत आणि पश्चिम किनाऱ्यावर पाऊस सुरू झाला की दरड कोसळून रस्ता बंद होऊ शकतो. वानाकाहून टाकी भरून निघणे, नकाशे आधीच फोनमध्ये उतरवून ठेवणे आणि सकाळी महामार्ग विभागाच्या संकेतस्थळावर रस्त्याची स्थिती पाहणे, एवढे मी करणार आहेच. मला हवा आहे तो प्रत्यक्ष अनुभव : ज्यांनी हा टप्पा मुलांना आणि आईवडिलांना घेऊन केला, त्यांना थांबे धरून एकूण किती वेळ लागला? सकाळी नऊला निघाल्यास संध्याकाळी पाचपर्यंत निवांत पोहोचता येते का, की मध्ये हास्ट गावात रात्र काढणे शहाणपणाचे ठरेल?

याच रस्त्यावर एकेरी पूल बरेच आहेत. त्यांची पाटी मी नीट समजून घेतली आहे : निळ्या चौकोनी पाटीवर आपल्या दिशेचा बाण मोठा आणि पांढरा असेल तर पहिला हक्क आपला, आणि लाल कडेच्या गोल पाटीवर आपला बाण लहान व लाल असेल तर समोरच्याला वाट द्यायची. नियम सोपा आहे. पण आपला हक्क असूनही समोरची गाडी पुलावर आधीच आलेली असते, किंवा पूल वळणाआड असल्यामुळे दुसरे टोक दिसतच नाही, अशा वेळी तेथील लोक काय करतात, हे पुस्तकात वाचून कळत नाही. तसेच मागे गाड्यांची रांग लागल्यास हळू चालणाऱ्याने डावीकडे सोयीची जागा पाहून त्यांना पुढे जाऊ द्यावे, असा तेथील शिष्टाचार आहे. मी खुल्या रस्त्यावरच्या ताशी १०० किलोमीटरच्या मर्यादेपेक्षा बरीच हळू जाणार, हे उघड आहे. त्यामुळे दर किती अंतरावर अशी जागा मिळते, हे कुणी सांगितल्यास मनावरचा ताण कमी होईल. मागून कुणी ढकलत असल्याची भावना झाली की माझ्याकडून चुका होतात.

दुसरी शंका मिलफर्ड साउंडची, म्हणजे डोंगरांत खोल शिरलेल्या समुद्राच्या खाडीची. ते आनाऊपासून सुमारे १२० किलोमीटर, जाताना दोन तास आणि त्याच रस्त्याने परत. एग्लिंटन खोरे, आरशासारखी तळी आणि १९५४ मध्ये खुला झालेला होमर बोगदा हे सगळे याच वाटेवर आहे. हा बोगदा सुमारे सव्वा किलोमीटर लांबीचा असून मिलफर्डच्या बाजूला चांगलाच उतरता आहे. मिलफर्डला वर्षाला सहा मीटरांहून अधिक पाऊस पडतो, त्यामुळे कोरडा दिवस मिळेल असे मी गृहीत धरत नाही. प्रश्न असा, की त्या दिवशी मी स्वतः गाडी चालवावी की ते आनाऊहून बस घ्यावी? बसमध्ये मला खिडकीबाहेर बघता येईल, जे चालकाच्या नशिबी कधीच नसते. पण सासऱ्यांना वारंवार थांबावे लागते आणि बसचे थांबे ठरलेले असतात. ज्यांनी दोन्ही केले आहे, त्यांचे मत माझ्यासाठी फार मोलाचे ठरेल.

तिसरी शंका परतीची. फ्रान्झ जोसेफ ते क्राइस्टचर्च हे अंतर चारशे किलोमीटरांच्या जवळ जाते आणि सगळ्या प्रवासातला हा सर्वांत लांब दिवस नेमका शेवटी, थकवा साचलेला असताना येतो. आर्थर्स पास ९२० मीटर उंचीवर आहे आणि अलीकडचा ओटिराचा चढ तीव्र असल्याचे वाचले आहे. त्याऐवजी ग्रेमाउथला गाडी सोडून द्यायची आणि तेथून दुपारी सुटणाऱ्या ट्रान्झआल्पाइन रेल्वेने पाचेक तासांत क्राइस्टचर्चला जायचे, असा विचार मनात घोळतो आहे. गाडी एका गावी घेऊन दुसऱ्या गावी सोडली की वेगळा आकार पडतो, शिवाय पाच तिकिटांचा खर्च. तरीही शेवटचा दिवस सुरक्षित होणार असेल तर तो खर्च मला जड वाटत नाही.

आता गाडीविषयी. पाच माणसे, चार मोठ्या बॅगा आणि मुलाचे आसन, एवढे सामावेल अशी गाडी हवी. सात आसनी गाडीत तिसरी रांग उभी केली की डिकी उरत नाही, म्हणून पाच आसनी मोठी स्टेशन वॅगन बरी की सात आसनी गाडी मागची रांग दुमडून वापरावी, हे कळत नाही. मुलाच्या आसनाबाबत नियम स्पष्ट आहे : सात वर्षांखालील मुलाला मान्यताप्राप्त बालआसन सक्तीचे आहे आणि त्यानंतरही उंची १४८ सेंटिमीटर होईपर्यंत बूस्टर वापरण्याची शिफारस आहे. ते भाड्याने घ्यावे की विमानातून न्यावे? डिझेल गाडीचा दर कमी दिसला, तेव्हा मी खोलात शिरले आणि कळले, की तेथे डिझेल गाड्यांना किलोमीटरच्या हिशोबाने वेगळा रस्ता-कर असतो आणि बऱ्याच भाडे कंपन्या तो शेवटी ग्राहकाकडून वसूल करतात. अठराशे ते दोन हजार किलोमीटरांचा आमचा प्रवास पाहता पेट्रोल हायब्रिडकडे माझा कल आहे. आधी हा कर लक्षात न घेता तुलना करणाऱ्यांनी कृपया सावध राहावे.

विम्याचा भाग मला सर्वांत किचकट वाटला. मूळ भाड्यात विमा असतो, परंतु अपघात झाल्यास ज्याला एक्सेस म्हणतात ती, म्हणजे पहिले काही हजार न्यूझीलंड डॉलर आपल्या खिशातून भरण्याची, जबाबदारी आपल्यावर राहते. रोजचा जादा आकार भरून ती शून्यावर आणता येते, किंवा तिसऱ्या कंपनीकडून स्वस्तात वेगळा विमा घेता येतो. मात्र दुसऱ्या पर्यायात भाडे कंपनी आधी आपल्या कार्डावरून पैसे कापते आणि ते परत मिळवण्याची खटपट आपल्याला करावी लागते. माझा कल पहिल्या पर्यायाकडे आहे. तरीही शून्य एक्सेसमध्ये टायर, समोरची काच, गाडीचा तळ आणि छप्पर हे धरलेले असतात की नाही, हे प्रत्येक करारात वेगळे असते. क्वीन्सटाउनजवळच्या स्किपर्स कॅनियनच्या रस्त्यावर गाडी नेल्यास विमा लागू होत नाही, हे मी पक्के टिपून ठेवले आहे. करारातील आणखी कोणते कलम वाचताना थांबून विचार करावा?

आदल्या प्रवासातला एक धडाही सांगते, कुणाला उपयोगी पडेल. तेव्हा गाडी ताब्यात घेताना घाईत मी फोटो काढले नव्हते आणि परत करताना चाकाच्या रिमवरचा एक ओरखडा माझ्या नावावर लागला. तो आधीचा होता की माझ्या हातून झाला, हे मी आजही खात्रीने सांगू शकत नाही, आणि हेच मला जास्त लागते. या वेळी घेताना आणि देताना गाडीभोवती फिरून चित्रफीत काढणार आहे.

परवान्याबाबत माझी समजूत अशी, की परवाना इंग्रजीत आणि मुदतीत असल्यास तेथे तो कायद्याने चालतो. तरी आंतरराष्ट्रीय परवानाही मी काढून ठेवला आहे. कंपनी अनामत रक्कम चालकाच्याच नावाच्या क्रेडिट कार्डावर अडकवून ठेवते, म्हणून पतींचे कार्ड उपयोगी नाही. कार्डाची मर्यादा आधीच वाढवून घेतली आहे.

तीन दिवसांनंतरची भर :

ज्यांनी वेळ काढून सविस्तर उत्तरे दिली त्या सर्वांची मी मनापासून आभारी आहे. आराखडा बदलला आहे. उतरल्या दिवशी गाडी घ्यायचीच नाही; दुसऱ्या दिवशी, पुरेशी झोप झाल्यावर, शहरातल्या कार्यालयातून घ्यायची. मिलफर्डला बसने जायचे. होमर बोगद्यापाशी किआ पोपट थांबलेल्या गाड्यांचे वायपर आणि खिडक्यांचे रबर चोचीने उपटतात, ही माहिती ऐकून मुलगा फार हरखला आहे आणि त्याला ते पक्षी बसच्या खिडकीतून दिसावेत एवढीच माझी इच्छा आहे. एकेरी पुलावर हक्क आपला असला तरी वेग कमी करूनच जावे आणि पूल रिकामा दिसल्याशिवाय चाक चढवू नये, हा सल्ला मी वहीत लिहून घेतला. हास्टला रात्र न काढता सकाळी आठला निघून थांबत थांबत जायचे, हेही ठरले.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. ग्रेमाउथला गाडी सोडून रेल्वे पकडायची, तर त्याच दिवशी फ्रान्झ जोसेफहून पावणेदोनशे किलोमीटर यावे लागते, आणि सकाळी दरडीने रस्ता अडला तर गाडीही वेळेवर परत होत नाही आणि रेल्वेही चुकते. म्हणून फ्रान्झ जोसेफच्या दोन रात्रींपैकी दुसरी कमी करून ती होकिटिकाला ठेवावी, असे मला वाटू लागले आहे. तेथून ग्रेमाउथ फक्त चाळीस किलोमीटर आहे. पण फ्रान्झ जोसेफला एकच रात्र उरली आणि नेमका त्याच दिवशी पाऊस लागला, तर हिमनदी ढगाआडच राहील आणि सासऱ्यांना सगळ्यांत जास्त तीच पाहायची आहे. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये या किनाऱ्यावर राहून आलेल्या कुणी यातले कोणते पारडे जड मानावे ते सांगितले, तर या आठवड्यात मी आरक्षण करून टाकेन.