हॅलोविनची मेरिंगची भुतं चिकट होतात, काय करावं?

प्रश्न (म्हापसा): 31 ऑक्टोबरला मुलांची पार्टी आहे. अंड्याच्या पांढऱ्याची भुतं ओव्हनमधून कुरकुरीत निघतात, तासाभरात चिकट होतात. 100 अंशांवर 1 तास भाजते. सोबत आणखी काय करता येईल?

उत्तर (फोंडा): साखर हवेतलं पाणी ओढते, आणि आपल्याकडे ऑक्टोबरातही हवा दमटच. 2 अंड्यांच्या पांढऱ्याला 120 ग्रॅम बारीक साखर आणि पाव चमचा लिंबूरस घ्या. फेटता फेटता साखर चमचा-चमचा घाला. मिश्रण बोटांत चोळून पाहा. कण लागले तर अजून फेटा, नाहीतर भाजताना पाक गळतो. भांड्याला तेलाचा अंश नको. 90 अंशांवर दीड ते दोन तास भाजा आणि ओव्हन बंद करून आतच पूर्ण गार होऊ द्या. लगेच हवाबंद डब्यात. चॉकलेटने डोळे ताटात वाढायच्या अगदी आधी रंगवा. फ्रिजमध्ये मात्र अजिबात नको!

उत्तर (मडगाव): सोबत चेटकिणीची बोटं करा, ती दमटपणात जास्त टिकतात. लोणी 115 ग्रॅम, पिठीसाखर 60, मैदा 170, एक पिवळा बलक, चिमूटभर मीठ. बेकिंग पावडर नको, बोटं फुगून बेढब होतात. करंगळीहूनही बारीक वळा, सुरीने सांधे कोरा, टोकाला सोललेला बदाम दाबा. अर्धा तास फ्रिजमध्ये घट्ट होऊ द्या, मग 160 अंशांवर 18-20 मिनिटं.

उत्तर (फोंडा): बोटांवरच्या खोट्या रक्तासाठी अमृत कोकम (कोकमाचं गोड सरबत) 3 मोठे चमचे, कॉर्नफ्लोर 1 छोटा चमचा, मंद आचेवर आटवा. आगळ (कोकमाचा रस) वापरू नका, त्यात मीठ असतं.