मदत हवी आहे : खिडकीच्या काचेवर मुलांनी चिकटवलेले रंगीत कागद रात्रीत गळून पडतात

डोंबिवलीकरीण: परवा वसुबारस, म्हणून घाईत लिहितेय. शनिवारी आमच्या मजल्यावरच्या सात मुलांना घेऊन हॉलच्या खिडकीवर पणत्या आणि कंदील केले. घरात होतं तेच सामान: रंगीत कागद, काळा कार्डशीट, फेव्हिकॉल, कात्री. संध्याकाळी इतकं सुरेख दिसत होतं! रविवारी सकाळी अर्ध्याहून जास्त तुकडे खाली, उरलेले घसरून तिरपे. परत लावले, परत तेच. सगळ्यात धाकटी तर रडायलाच लागली, तिच्या पणतीची ज्योत कुठे गेली म्हणून. काय चुकतंय? उद्या संध्याकाळपर्यंत सगळं परत उभं करायचंय.

खटपट्या: काच पुसली होती का? स्वयंपाकघर शेजारी असेल तर फोडणीचा तेलकट थर बसतो, त्यावर काहीच टिकत नाही.

डोंबिवलीकरीण: पुसली होती हो, साबणाच्या पाण्याने आणि मग कोरड्या कपड्याने.

मधुरा_ठाणे: फोम टेप लावा, दोन्ही बाजूंनी चिकटणारी. मी दर वर्षी तीच लावते. पाच मिनिटांत काम होतं.

बाइंडरकाका: टेप नको. उन्हाने तिचा डिंक काचेवर बसतो, मग ब्लेडने खरवडत बसा. खळ करा. दोन चमचे मैदा एक कप थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा आणि मंद आचेवर पारदर्शक दिसेपर्यंत ढवळायचा. आमच्या घरी वह्या बांधायचं काम होतं, आयुष्य खळीत गेलं. झुरळं लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद घालायचा.

अंकुर_आई: काका, मोरचूद अजिबात नको! मुलांसोबतचं काम आहे. ते विष आहे, आणि निळे चकचकीत खडे बघून चार वर्षांचं मूल पहिलं तोंडातच घालेल.

बाइंडरकाका: आम्ही भावंडं त्या खळीत हात घालूनच वाढलो.

अंकुर_आई: तुम्ही वाढलात याचा आनंदच आहे. पण सात परक्या घरांतली मुलं आहेत, ही जोखीम घेऊ नये. चार दिवसांच्या सजावटीला साधी खळ पुरते.

बाइंडरकाका: बरं. मुलं असतील तर मोरचूद वगळा. पण उरलेली खळ दुसऱ्या दिवशी वापरू नका, आंबते.

मधुरा_ठाणे: माझं कापडी तोरणही दर वर्षी मधेच लोंबतं. त्याला काय करावं?

खटपट्या: मूळ प्रश्न राहूनच गेला. ताई, ‘रंगीत कागद’ म्हणजे नक्की कोणता? पतंगी, घोटीव, क्रेप? आणि खिडकी कशी आहे?

डोंबिवलीकरीण: ते लिहायचं राहिलं. जिलेटीन पेपर. लाल, पिवळा, हिरवा. उजेड आरपार यावा म्हणून. काळ्या कार्डशीटच्या किनारी काढून त्याही काचेवरच वेगळ्या चिकटवल्या. खिडकी स्लायडिंग, पश्चिमेची.

खटपट्या: मग सापडलं. फेव्हिकॉल वाळतो तो त्यातलं पाणी निघून गेल्यावर. पाणी एकतर हवेत जातं, नाहीतर कागदात मुरतं. इथे एका बाजूला काच आणि दुसऱ्या बाजूला जिलेटीन, दोन्हींत पाणी मुरत नाही. मधला थर ओलाच राहतो आणि तुकडा स्वतःच्या वजनाने घसरतो. म्हणजे मुलांचं काही चुकलेलं नाही, हे त्यांना नक्की सांगा. काळा कार्डशीट पाणी शोषतो, तेव्हा त्याचीच चौकट कापा आणि जिलेटीन टेबलावर तिच्या मागून चिकटवा. जाड पुस्तकाखाली रात्रभर ठेवा. काचेला गोंद लावूच नका.

मधुरा_ठाणे: आणि ती चौकट काचेला फोम टेपने लावा :)

खटपट्या: स्लायडिंगला नको. दोन पल्ल्यांमध्ये फट जेमतेम असते, पल्ला सरकवला की जाड टेप आणि चौकट दोन्ही चुरगळतात. पडद्याच्या दांडीला दोऱ्याने टांगा.

स्टुटगार्टकर: इथे जर्मनीत मुलं हिवाळ्यात पारदर्शक कागदाचे तारे खिडकीत लावतात. तसं पतंगी कागदानेही जमतं. सारख्या मापाचे आठ चौरस घ्या. प्रत्येक चौरसाला एका कर्णावर घडी घालून उघडा, मग एका कोपऱ्याच्या दोन्ही कडा त्या कर्णरेषेवर आणा, पतंगाचा आकार होतो. निमुळती टोकं बाहेर ठेवून एकेक चिकटवत जा, पुढच्याची कड मागच्याच्या मधल्या रेषेवर. आठव्याला वर्तुळ पूर्ण होतं. जिथे घड्या एकमेकींवर येतात तिथे रंग गडद दिसतो आणि उजेडात ताऱ्याच्या आत दुसरा तारा उमटतो. घडी नखाने नीट दाबायला सांगा, सगळी मजा त्या घडीत आहे.

अंकुर_आई: चार-पाच वर्षांच्यांना घड्या जमत नाहीत. त्यांना पतंगी कागद हातानेच फाडू दे आणि काळ्या चौकटीमागे चिकटवू दे. कात्री मोठ्यांकडे.

पुणेरी_पाऊल: पतंगी कागद पुण्यात बोहरी आळीत मिळतो.

डोंबिवलीकरीण: मी डोंबिवलीत आहे हो! इथे स्टेशनजवळच्या दुकानात विचारते.

डोंबिवलीकरीण (दुसऱ्या दिवशी): पतंगी कागद मिळाला. रात्री टेबलावर दोन चौकटी करून पुस्तकांखाली ठेवल्या होत्या, एक जिलेटीनची, एक पतंगी कागदाची. सकाळी दोन्ही दांडीला टांगल्या, दोन्ही टिकल्यात. जिलेटीनला थोड्या सुरकुत्या आल्यात. दुपारी चारच्या उन्हात लादीवर लाल-पिवळी पणती पडली आणि धाकटी तिच्यावर हात ठेवून बसली, उठायलाच तयार नाही. उरलेल्या पाच चौकटी आत्ता मुलं करतायत. आता एवढंच विचारायचंय: जुना फेव्हिकॉल काचेवर पांढरा वाळलाय, तो कशाने काढू?

बाइंडरकाका: गरम पाण्यात भिजवलेलं फडकं दहा मिनिटं दाबून ठेवा, फुगून सालासारखा निघेल. ब्लेड नको, काचेवर ओरखडे पडतात.