मदत हवी आहे : 'ला त्राव्हियाता' बघायला जाऊ की नको?

इटालियन संगीतकार व्हेर्दीचा हा ऑपेरा (पहिला प्रयोग व्हेनिस, 1853) मी कित्येक वर्षं नुसता ऐकत आलोय. आता पहिल्यांदाच प्रत्यक्ष बघायचा योग आलाय, तिकीटही हातात आहे. पण मन तयार होत नाहीये.

कारण तिसरा अंक. क्षयाने खंगलेली नायिका व्हियोलेत्ता पत्र वाचते ते गाऊन नाही, साध्या बोलण्यात. मागे हळू व्हायोलिन. मग अगदी शेवटी तिला एकाएकी बरं वाटतं, अंगात बळ आल्यासारखं ती उठते, आणि कोसळते. माझी मोठी बहीण फुप्फुसांच्या आजारानेच गेली. आदल्या संध्याकाळी ती उशीला टेकून बसली, म्हणाली, "आज बरं वाटतंय रे." आम्ही सगळे किती खूश झालो होतो!

घरी ऐकताना तिथे मी बंद करतो. नाट्यगृहात ते कसं जमणार? आणि तरीही पहिल्या अंकातली ती मैफल, ते एकमेकांच्या सुरात मिसळणारे आवाज समोर बसून ऐकायचेच आहेत मला.

ज्यांनी असं दुःख मनात घेऊन हा ऑपेरा पाहिलाय, त्यांनी कृपया सांगा: शेवटापर्यंत बसवलं का? तिसऱ्या अंकाआधी मध्यंतर असतं का, म्हणजे तेव्हा उठता येईल? सोबत कुणाला न्यावं, की एकट्यानेच जावं?