मॅनेजरच्या वतीने एजंट राजीनामा देऊ शकतो का? मदत हवी आहे

मंडळी, इंग्लंडच्या कायद्यातलं कोणाला माहिती असेल तर प्लीज सांगा. फुटबॉल मॅनेजर केव्हिन कीगनने सप्टेंबर 2008 मध्ये न्यूकॅसल क्लब सोडला, खेळाडू घेण्यात शेवटचा शब्द त्याचा असं ठरलेलं असताना नाचो गोंझालेस हा खेळाडू त्याच्या मर्जीविरुद्ध घेतला म्हणून, आणि 2009 मध्ये ट्रिब्युनलने (लवादाने) कीगनच्या बाजूने निकाल देऊन 20 लाख पाउंड द्यायला लावले, मला तर ते अगदी योग्यच वाटलं.

आता समजा असाच वाद पेटलाय, मॅनेजर गप्प आहे आणि एजंटनेच क्लबला मेल टाकला की "आमचा माणूस सोडतोय", तर तो राजीनामा धरायचा का? मुखत्यार अधिकार दिला असेल तर चालेल असं वाटतं, पण तो लेखीच लागतो की तोंडी पुरतो? क्लबने लगेच मंजूर करून टाकला आणि मॅनेजर म्हणाला मी असं सांगितलंच नव्हतं, मग? एकदा दिलेला राजीनामा एकतर्फी मागे घेता येत नाही ना, आणि भरपाईचे लाखो पाउंड त्यावरच अडकतात, म्हणून जीव तुटतो. करारात नोटीस सहीनिशी द्यायची अट असेल तर मेल बाद होतो का तेही सांगा.