रसम आमटीसारखं दाट होतंय, वासही टिकत नाही

चिंचगूळ
चार माणसांसाठी सध्या असं करते: अर्धी वाटी तूरडाळ, दोन टोमॅटो, लिंबाएवढी चिंच, दोन मोठे चमचे विकतचा रसम मसाला. डाळ शिजवून सगळं एकत्र करायचं आणि पंधरा-वीस मिनिटं उकळायचं. आंबट-तिखट होतं, पण पातळ आमटीच वाटते. तळाशी गाळ बसतो, पानं घेईपर्यंत वास उडालेला असतो, कधी कडवटही लागतं. माटुंग्याला खाणावळीत मिळतं तसं भातात मुरणारं रसम हवंय. भात सुरती कोलमचा करते, तो किती शिजवायचा?

पळीवाढी
अर्धी वाटी डाळ म्हणजे आमटीचंच प्रमाण झालं. चौघांना दोन मोठे चमचे डाळ (साधारण 30 ग्रॅम) भरपूर झाली. हळद घालून अगदी गाळ शिजवा, घोटा आणि दोन कप पाणी घालून पातळ करून बाजूला ठेवा. डाळ दाणेदार राहिली तर गाळ बसणारच.

मुख्य घोळ मात्र क्रमाचा आहे. चिंच भरपूर उकळायला हवी आणि डाळ-मसाला जवळजवळ नाहीच. तुम्ही तिघांनाही सारखंच उकळताय.

सुट्टी चिंच 15 ग्रॅम घ्या, म्हणजे लहान लिंबाच्या निम्म्याहून थोडी जास्त. टोमॅटो आंबट असतील तर 10 पुरे. दोन कप कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवून कोळ गाळून घ्या. त्यात हाताने कुस्करलेले टोमॅटो, मीठ, हिंग, कढीपत्ता घालून मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं उकळा. कच्च्या चिंचेचा उग्र वास गेला की दोन चहाचे चमचे मसाला घाला (मोठे नाहीत!) आणि दोनच मिनिटं ठेवा. मग डाळीचं पाणी ओतून आच मंद करा. थोड्या वेळाने कडेने फेस धरतो आणि मध्याकडे सरकतो. सगळा पृष्ठभाग फेसाने भरला, की खदखदायच्या आत गॅस बंद. कोथिंबीर घालून झाकण. इथून पुढे उकळलंत तर फेस मोडतो, डाळ खाली बसते आणि मिरी-जिऱ्याचा वास वाफेबरोबर निघून जातो.

फोडणी शेवटी, एक चमचा साजूक तुपाची: मोहरी, जिरं, एक सुकी मिरची, कढीपत्ता. मोहरी तडतडली की लगेच ओता. जळकी मोहरी हे कडवटपणाचं एक कारण.

भांडं स्टीलचं घ्या. ॲल्युमिनियम नको, पितळेचं असेल तर कल्हई शाबूत आहे ना ते बघा.

खडाहिंग
पळीवाढींशी सहमत. कडवटपणाबद्दल जोडते: मसाल्यात मेथी जास्त असेल किंवा मसाला करपून भाजलेला असेल तर तुम्ही काहीही केलंत तरी कडू लागणार. विकतच्यात ते आपल्या हातात नसतं, म्हणून घरीच करा. चार मोठे चमचे धणे, एक चमचा मिरी, एक चमचा जिरं, एक चमचा तूरडाळ, सहा ब्याडगी मिरच्या, आणि मेथी हवीच असेल तर पाव चहाचा चमचा. डाळ आधी बदामी भाजा, मग धणे आणि मिरच्या, मिरी-जिरं सर्वांत शेवटी, नुसतं गरम होईपर्यंत. पूर्ण गार झाल्यावर भरड वाटा. गरम असताना वाटलात तर वाफ धरते आणि डब्यात गोळे होतात. फार बारीक वाटलेला मसाला रसम गढूळ करतो.

ब्याडगीने रंग येतो, तिखटपणा फारसा नाही. झणका मिरीचा हवा. त्यासाठी अर्धा-अर्धा चमचा मिरी-जिरं आणि दोन लसूणपाकळ्या खलबत्त्यात ठेचून डाळीच्या पाण्याबरोबर घाला. माझ्या मते डबाबंद मसाल्यापेक्षा या ठेच्यानेच जास्त फरक पडतो.

वाडाकोलम
गुळाचा खडा कुणीच सांगितला नाही! सुपारीएवढा घाला, चिंचेची धार बोथट होते. उडुपी पद्धतीच्या सारूत (म्हणजे तिकडच्या रसमात) गूळ असतोच.

खडाहिंग
उडुपीत असतो, पण तमिळ घरांत बरेच जण घालत नाहीत, किंवा नखभरच. सुपारीएवढा घातलात तर आपलं आमसुलाचं सार होईल. तेही छानच, पण विचारलंय रसम.

वाडाकोलम
बरं, नखभर. भाताचं सांगतो. मोकळा भात इथे उपयोगाचा नाही, रसम खाली निथळतं आणि शितं कोरडी राहतात. जुन्या कोलमच्या एका वाटीला तीन वाट्या पाणी, कुकरला चार शिट्ट्या. नवा तांदूळ असेल तर अडीच, नाहीतर चिकट लगदा होतो. वाफ जिरली की गरम असतानाच चमचाभर तूप घालून पळीने जरा मोडा आणि मग रसम ओता. भाताच्या दुप्पट लागतं, भात पितो. फेसाखालचं नितळ रसम आधी वाढा, तळाचं दाट शेवटच्या भाताला.

चिंचगूळ
सगळ्यांचे आभार. डब्यात न्यायचं असेल तर सकाळी करून दुपारी गरम केलं तर चालेल?

पळीवाढी
चालेल. भात आणि रसम वेगळे न्या, एकत्र केलंत तर दुपारी खीर मिळेल. गरम करताना वाफ दिसली की थांबा. कोथिंबीर सकाळी घालू नका, काळी पडते. चिमूटभर मिरीपूड पुडीत न्या आणि खाताना वरून टाका.