आपत्तीतून वाचलेल्या मुलांना डोळे मिटायला लावावे का?

समुपदेशिका, सांगली:
आपत्तीतून वाचलेल्या प्रत्येक किशोरवयीन मुलाला शाळेत रोज दहा मिनिटे डोळे मिटून श्वासावर लक्ष ठेवायला बसवले की दुसऱ्या उपचारांची गरज उरत नाही, असे किल्लारीकरांनी छातीठोकपणे लिहिले आहे. ते वाचून गप्प राहवले नाही. २०१९ च्या महापुरानंतर परिपाठात हेच करताना आठवीतल्या एका मुलीने बाकाची कड इतकी घट्ट धरली, की तिची नखे पांढरी पडली. आघात सोसलेले शरीर सतत सावध असते आणि लक्ष श्वासाकडे वळवले की छातीतली धडधड अधिकच जाणवते. अशा मुलांना डोळे उघडे ठेवण्याची, हवे तेव्हा उठून जाण्याची मुभा आधी हवी.

किल्लारीकर:
३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात आमचे घर कोसळले, तेव्हा मी नववीत होतो आणि समुपदेशक हा शब्दही आमच्या कानावर आला नव्हता. उडालेली झोप मला इगतपुरीच्या विपश्यना केंद्रातल्या आनापानाने, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवण्याच्या ध्यानानेच परत दिली. युद्धानंतरच्या कोसोव्होत ८२ किशोरवयीनांवर झालेल्या चाचणीतही ध्यानाचा समावेश असलेल्या गटांत आघाताची लक्षणे घटली, आणि ते गट शिक्षकांनीच चालवले होते. एका मुलीवरून सगळ्यांना हा मार्ग बंद करणे अन्यायाचे आहे.

जिल्हा परिषद शिक्षिका:
म्हणजे हेही शिक्षकांनीच करायचे! मतदार याद्या आम्ही करायच्या, जनगणना आम्ही करायची, पोषण आहाराच्या नोंदी आम्ही ठेवायच्या, रोज नवी ऑनलाइन माहिती भरायची, आणि आता एका दिवसाच्या प्रशिक्षणावर आघातग्रस्त मुलांची मनेही सांभाळायची. एखादे मूल हमसून रडू लागले, तर त्याला जवळ घ्यायचे की उरलेला वर्ग सांभाळायचा, हे शासन निर्णयात कोणी लिहीत नाही.

किल्लारीकर:
बाई, तुमची गाऱ्हाणी रास्त असतील, पण प्रत्येक चर्चा अशैक्षणिक कामांवर नेऊ नका.

समुपदेशिका, सांगली:
त्यांचा मुद्दा मुळीच अवांतर नाही. कोसोव्होतील शिक्षकांना मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला मिळत होता आणि तिथे ध्यानासोबत चित्रे काढणेही होते. उलट ब्रिटनमध्ये आठ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या सर्वसाधारण वर्गांत शिक्षकांनी सजगतेचे (माइंडफुलनेसचे) धडे दिले, तेव्हा नेहमीच्या भावनिक शिक्षणापेक्षा काहीही जास्त लाभ दिसला नाही, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. तुम्ही स्वतः इगतपुरीला कोणत्या वयात गेलात?

किल्लारीकर:
तिशी उलटल्यावर, आणि स्वतःहून गेलो. सक्ती नको, एवढे मान्य करतो. मात्र ज्या मुलाला स्वतःहून बसावेसे वाटते, त्याला तुमच्या भीतीपायी अडवू नका.