पोटाच्या टाक्यांतून पाणी येतंय, काय करू? (तातडीने)

निळी_शाई:
बाबांच्या टाक्यांतून पाणी येतंय. पू नाही, पाणीच. सकाळी खोकल्याची उबळ आली आणि ड्रेसिंगसकट सदरा भिजला. टाके काढायला सोमवारी बोलावलंय, तोवर थांबलं तर चालेल का? ड्रेसिंग घरीच बदलू का, वर काय लावू? बाबा म्हणतात काही होत नाहीये, उगाच धावपळ नको. लवकर सांगा प्लीज.

रानवाट:
ऑपरेशन कसलं? किती दिवस झाले? ताप आहे का, डायबिटीस आहे का? पाण्याचा रंग कसा आहे? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

पायवाट:
थोडा स्राव येतोच, घाबरू नका. माझ्या गुडघ्याच्या टाक्यांनाही यायचा. हायड्रोजन पेरॉक्साइडने रोज पुसा, फेसाबरोबर सगळी घाण निघून जाते.

अबोली:
पेरॉक्साइड अजिबात नको. जखम भरून आणणाऱ्या नव्या पेशीही त्याने मरतात. पुसायचंच तर सलाइनने.

पायवाट:
माझी जखम त्यानेच भरली. अनुभवाचं सांगतोय.

अबोली:
दादा, ती पेरॉक्साइड लावूनही भरली.

सहज_सुचलं:
व्रण राहू नये म्हणून आत्तापासून सिलिकॉन जेल शीटचं बघून ठेवा. टाके निघून जखम पूर्ण मिटली की लावायची, काही महिने तरी. माझ्या बहिणीला केलॉइड झाला, म्हणजे जाड, फुगलेला व्रण, फार त्रास झाला तिला.

निळी_शाई:
व्रणाचं नंतर बघू हो. आतड्याला पीळ पडला होता, पोट उघडून ऑपरेशन केलंय, बेंबीच्या वरपासून खालपर्यंत उभी चीर आहे. आज सातवा दिवस. ताप नाही. शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. पाणी फिकट गुलाबी आहे. टाके वरून अगदी नीट दिसताहेत, म्हणूनच विचारतेय.

अबोली:
ताई, सोमवारपर्यंत थांबू नका, आत्ता न्या. मी सर्जरी वॉर्डात नर्स आहे. वरचे टाके फक्त कातडी धरतात. पोट धरून ठेवतो तो आतला थर, त्याची शिवण वेगळी असते. पाचव्या ते आठव्या दिवसाच्या सुमारास अचानक असं गुलाबी पाणी आलं तर तो थर सुटत असू शकतो, वरून काहीही दिसत नसलं तरी. त्यात शुगर आणि खोकला. बाबांना आडवं झोपवा, गुडघे दुमडून. वर स्वच्छ कापड ठेवा, पट्टा आवळू नका. खायला-प्यायला काही देऊ नका, परत थिएटरमध्ये न्यावं लागू शकतं. आतडं बाहेर दिसलं तर आत ढकलायचं नाही, सलाइनमध्ये भिजवलेलं निर्जंतुक गॉज वर झाका आणि ॲम्ब्युलन्स बोलवा.

पायवाट:
किती घाबरवता! कातडीखाली पाणी साठतं कधीकधी, सीरोमा म्हणतात. तेच असेल.

अबोली:
असेलही. पण सीरोमा आहे की पोट सुटतंय, हे घरी बसून ना तुम्हाला कळेल ना मला. सर्जन हात लावून बघेल.

मोकळा_वेळ:
इथेच विचारतो. बायकोच्या सिझेरियनला दीड महिना झाला. टाक्याच्या टोकाशी दोऱ्याचं टोक टोचतंय. ओढून काढू का?

रानवाट:
ओढू नका. विरघळणारा दोरा असणार. व्हिक्रिल पूर्ण विरघळायला ५६ ते ७० दिवस लागतात, काही दोऱ्यांना त्याहून जास्त. लाली किंवा पू असेल तर दाखवा, नाहीतर पुढच्या तपासणीला डॉक्टर टोक कापतील. आणि वेगळा धागा काढा, इथे गडबड चालू आहे.

निळी_शाई:
ॲम्ब्युलन्स आलीय. बाबांनी तासाभरापूर्वी चहा घेतलाय, चालेल?

अबोली:
घेतला तर घेतला. भूल देणाऱ्या डॉक्टरांना वेळेसकट सांगा. शुगरची शेवटची गोळी कधी घेतली तेही. पोचल्यावर कळवा.

निळी_शाई:
पोचलो. सर्जननी दोन टाके काढून बोट घालून पाहिलं, आतला थर खालच्या बाजूला सुटलाय. आतडं ठीक आहे म्हणाले. आज रात्रीच परत शिवणार. अबोलीताई, खोकल्याला काय करायचं? दर उबळीला बाबा पोट धरतात.

अबोली:
धरू द्या, बरोबर करताहेत. उशी द्या, खोकताना पोटावर घट्ट दाबून धरायची. खोकल्याच्या औषधाचं मात्र सर्जननाच आत्ता विचारा, थिएटरमध्ये नेण्याआधी.